मुलांची पाठ एकदा ओणवं करून बघा, आणि ब्रेस दिला असेल तर तास पाळा

दहा ते पंधरा वर्षांची मुलं भराभर उंच होतात ना, नेमकं तेव्हाच काहींचा पाठीचा कणा एका बाजूला वाकायला लागतो, त्याला स्कोलिओसिस म्हणतात. बहुतेक वेळा दुखत काहीच नाही म्हणून घरात पत्ताच लागत नाही. मुलाला उघड्या पाठीने, पाय जुळवून, गुडघे ताठ ठेवून ओणवं व्हायला सांगा आणि मागून बघा, एका बाजूच्या बरगड्या वर आलेल्या दिसल्या तर ऑर्थोपेडिक डॉक्टर गाठा. कणा नुसता वाकत नाही, पिळतो पण, आणि तो पीळ बरगड्यांना मागे ढकलतो, त्यामुळे उभं असताना लपलेलं ओणवं झाल्यावर दिसतं.

आणि आयांनो, जड दप्तरामुळे हे झालं म्हणून स्वतःला बोल लावू नका प्लीज. दप्तराने पाठ दुखू शकते, पण कणा असा वाकत नाही. बऱ्याच केसेसमध्ये नक्की कारण सापडलेलं नाही, आनुवंशिकतेचा वाटा मात्र आहे. २०१६ मध्ये झेब्राफिश या छोट्या माशांवर काम झालं, त्यात मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या द्रवाचा प्रवाह बिघडला की वाढत्या वयात त्यांचा कणा वाकतो असं दिसलं.

आता ब्रेसबद्दल, म्हणजे बाक वाढू नये म्हणून धडाभोवती घालायचा घट्ट प्लास्टिकचा सांगाडा. वर्षानुवर्षं डॉक्टरांमध्येच वाद होता की याचा खरंच उपयोग होतो का. मग अमेरिका आणि कॅनडात मोठा अभ्यास झाला, २० ते ४० डिग्री बाक असलेली मुलं घेतली. कोणाला ब्रेस द्यायचा ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवायचं होतं, पण बरेच आईबाप त्याला तयारच होईनात, शेवटी त्यांना निवड करू दिली, आणि खरं सांगायचं तर मी त्यांच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं. २०१३ मध्ये रिझल्ट आले: वाढ थांबेपर्यंत बाक ५० डिग्रीच्या आत राहिला तो ब्रेसवाल्यांपैकी ७२ टक्के मुलांचा आणि नुसतं लक्ष ठेवलेल्यांपैकी ४८ टक्क्यांचा. ५० च्या वर गेला की सहसा ऑपरेशनचं बोलणं सुरू होतं. फायदा इतका स्पष्ट होता की अभ्यास वेळेआधीच थांबवला.

ब्रेसमध्ये तापमान मोजणारा सेन्सर होता, म्हणजे अंगावर किती तास होता ते नक्की कळायचं. सांगितलेले दिवसाला १८ तास, पण जवळपास १३ तास किंवा जास्त घातला त्यांच्यात ९० टक्क्यांहून जास्त मुलांना यश आलं, आणि सहा तासांच्या आत घातला त्यांच्यात न घातल्यासारखंच. मे महिन्यात तो घट्ट प्लास्टिकचा सांगाडा घालून फिरायचं म्हणजे पोरीचे हाल होतात, मान्य, पण रात्रीची झोप त्यातच काढली की त्या १३ तासांतले निम्म्याहून जास्त तिथेच भरतात, आत सुती बनियन घाला म्हणजे काचणार नाही.