आयसीएमआरची एसटीएस: गावातल्या रक्तदाब-मधुमेहावर अभ्यास करायचाय, तर अर्ज नेमका कुठे अडतो

नाकारलेले अर्ज घेऊन मुलं येतात तेव्हा वाईट याचं वाटतं, की विषय बहुधा चांगला असतो. पाड्यावरचा रक्तदाब, ऊसतोड कामगारांचा मधुमेह, मजुरीच्या दिवसांत बायकांच्या सुटणाऱ्या गोळ्या. अर्ज मात्र पडलेला असतो एखाद्या शिक्क्यावरून, नाहीतर फाइलीत राहून गेलेल्या कॉलेजच्या नावावरून. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

योजना आधी थोडक्यात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) शॉर्ट टर्म स्टुडंटशिप, म्हणजे एसटीएस, १९७९ पासून चालू आहे. एमबीबीएस आणि बीडीएस शिकणाऱ्यांसाठी ती आहे, इंटर्न आणि पीजींसाठी नाही. दोन महिन्यांचा अभ्यास, अर्ज ऑनलाइन, विद्यावेतन ५०,००० रुपये आणि प्रमाणपत्र. पैसे अहवाल मंजूर झाल्यावर मिळतात, आगाऊ काही मिळत नाही. एसटीचं भाडं, झेरॉक्स, गावातलं जेवण हा सगळा खर्च आधी खिशातून होणार, हे घरी सांगून ठेवा.

तारखांचा घोळ दरवर्षी होतो. सूचनेत दोन तारखा असतात, एक नोंदणीची आणि दुसरी प्रपोजल, म्हणजे अभ्यासाचा आराखडा, सादर करण्याची. मुलं दुसरीच लक्षात ठेवतात आणि नोंदणी बंद झाल्यावर पोर्टल उघडतात. त्यानंतर कुणालाही फोन करून उपयोग होत नाही. सूचना निघाली त्या आठवड्यातच नोंदणी करून टाका. प्रपोजल नंतर लिहिता येतं.

गाइड तुमच्याच कॉलेजातले पूर्णवेळ अध्यापक हवेत आणि एका गाइडकडे एकच विद्यार्थी. कम्युनिटी मेडिसिनमधले अध्यापक लवकर 'बुक' होतात, पण हा विषय मेडिसिन किंवा फिजिओलॉजीच्या अध्यापकांकडेही करता येतो, त्यांना विचारायला लाजू नका. शासकीय महाविद्यालयात असाल तर गाइडची बदली जवळ आली आहे का, हेही नम्रपणे विचारा. अहवालावरही त्यांचीच सही लागते.

आता सगळ्यात जास्त अर्ज खाणारी अट. प्रपोजलमध्ये विद्यार्थ्याचं, गाइडचं किंवा कॉलेजचं नाव कुठेही दिसता कामा नये. हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि तरी नाव राहतं, कारण ते ओळखू येणार नाही अशा जागी लपलेलं असतं: संमतिपत्राच्या लेटरहेडवर, 'अधिक माहितीसाठी संपर्क' या ओळीत, प्रश्नावलीच्या तळाशी. 'आमच्या ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्रात, अमुक गावी' असं लिहिलंत तरी कॉलेज कळतं. 'पूर्व विदर्भातील एक प्राथमिक आरोग्य केंद्र' एवढंच पुरे. सादर करण्याआधी ज्याने प्रपोजल वाचलेलं नाही अशा मित्राला फाइल द्या आणि 'हे कुठलं कॉलेज?' एवढंच विचारा.

नावं लागतात ती अर्ज-साक्षांकन पत्रावर, म्हणजे एएएफवर. त्यावर तुमची, गाइडची आणि संस्थाप्रमुखाची सही आणि शिक्का हवा. डीन दौऱ्यावर असतात, शिक्का दुसऱ्याच टेबलावर असतो, आणि 'उद्या या' हे उत्तर शेवटच्या दिवशीही मिळतं. वीस वर्षांच्या मुलाला एका शिक्क्यासाठी लेक्चर बुडवून व्हरांड्यात उभं करण्यात कार्यालयाला काय मिळतं, ते मला आजवर कळलेलं नाही. तारखेच्या किमान आठवडाभर आधी पत्र आत द्या.

नैतिक समितीची, म्हणजे आयईसीची मंजुरी अर्ज करताना नसली तरी चालते. अभ्यास सुरू करण्यापूर्वी ती हवीच आणि अहवालासोबत जोडावी लागते. इथे बऱ्याच जणांचं वर्ष वाया जातं. अनेक कॉलेजांत समितीची बैठक दोन-तीन महिन्यांतून एकदा होते. त्यामुळे निवड झाली की अर्ज करू असं ठरवणाऱ्याची पुढची बैठक थेट अहवालाच्या तोंडावर येते. निकालाची वाट न बघता समितीकडे अर्ज टाका. पत्र हाती आलं की दोन गोष्टी तपासा: शीर्षक प्रपोजलमधल्यासारखं शब्दशः आहे का, आणि पत्राची तारीख तुमच्या पहिल्या रुग्णाच्या आधीची आहे का.

समिती विचारते ते प्रश्न रास्त असतात. मेळघाटात लोक घरी कोरकू बोलतात, भामरागडकडे माडिया. तिथे नुसतं मराठी संमतिपत्र नेलं तर समोरच्याने कशाला होकार दिला? भाषा जाणणारी आशाताई सोबत घ्या. वाचता न येणाऱ्यांसाठी अंगठ्याबरोबर त्रयस्थ साक्षीदाराची सही लागते. आणि तपासताना कुणाचा रक्तदाब १८०/११० निघाला तर तुम्ही काय करणार? बहुतेक प्रपोजलांत याचं उत्तरच नसतं. कुठल्या डॉक्टरांकडे पाठवणार, कोण नेणार, हे दोन ओळींत लिहा. ज्याला मोजून सोडून दिलं, त्याला तुमच्या संशोधनाचा काय उपयोग?

आयईसीखेरीज एक कागद सूचनेत ठळक दिसत नाही, पण गावात गेल्यावर पहिला तोच मागतात: काम करण्याची परवानगी. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे, म्हणून पत्र जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयं जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. शासकीय आश्रमशाळेत जायचं तर एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय, आणि मुलं अल्पवयीन म्हणून पालकांची संमती वेगळी. चुकीच्या कार्यालयात दिलेलं पत्र बरोबर टेबलापर्यंत आपोआप पोचत नाही, तिथेच पडून राहतं. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक घेतल्याशिवाय बाहेर पडू नका.

विषय मोठा असू द्या, अभ्यास दोन महिन्यांत मावेल एवढाच ठेवा. सर्च संस्थेने गडचिरोलीतल्या ८६ गावांच्या मृत्यूंवर केलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. दर सातांतला एक मृत्यू पक्षाघाताचा निघाला आणि पक्षाघाताने गेलेले बहुतेक जण घरीच गेले होते. हे वाचून विद्यार्थी पेटून उठतो आणि 'जिल्ह्यातील पक्षाघाताची कारणं' असं शीर्षक देतो. ते दोन महिन्यांत होणार नाही. त्यापेक्षा एका केंद्रात नोंदलेल्या रक्तदाबाच्या रुग्णांपैकी किती जणांचा दाब १४०/९० च्या खाली आहे आणि ज्यांचा नाही त्यांच्या गोळ्या का सुटल्या, एवढं विचारा. २०१७ मध्ये सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातले भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा हे जिल्हे पहिल्यापासून होते, तिथे रुग्णांची उपचारपत्रं ठेवण्याची पद्धत बसलेली आहे. किती जणांना तपासायचं याचा, म्हणजे नमुन्याचा, हिशोब घातलात तर दाब आटोक्यात असणाऱ्यांचं प्रमाण ५० टक्के आणि उत्तरात चालणारी चूक ५ टक्के धरून ३८४ माणसं लागतात, चूक १० टक्के धरली तर ९६. लेक्चरं सांभाळून घरोघर जाणाऱ्याला ९६ झेपतात. पण १० टक्के का धरली, हे प्रपोजलमध्ये सरळ लिहा. रुग्णाला पाच मिनिटं बसवून दोनदा दाब मोजणार, हेही लिहा.

अहवालाच्या वेळी पुन्हा एक साक्षांकन पत्र असतं, आरएएफ. त्याच सह्या, तेच शिक्के, तीच धावपळ. मुलं अहवाल रात्रभर जागून पुरा करतात आणि या एका पानासाठी अडतात. कोरं आरएएफ आधीच छापून ठेवा आणि आकडेमोड संपत आली की गाइडच्या टेबलावर नेऊन द्या. आयईसीच्या पत्राची स्कॅन केलेली प्रत मोबाइलबरोबर ईमेलवरही असू द्या.