रात्रीचं भय आणि सोबत: विदर्भातल्या ख्रिस्ती विश्वासाची पार्श्वभूमी

विदर्भातल्या खेड्यांमधल्या ख्रिस्ती मंडळीत कुणी साक्ष द्यायला उभं राहिलं, की बहुतेक वेळा बोलणं भीतीवर येतं. कुणाला करणीची भीती होती, कुणाला सावकाराची. कुणाचं लेकरू रात्री दचकून उठायचं, कुणाची अंगावरचा चट्टा दिसल्यापासून झोप उडाली होती. मग "मी प्रभूकडे आलो" हे वाक्य येतं आणि मंडळी "आमेन" म्हणते. ऐकणाऱ्याला ती त्या एका माणसाची गोष्ट वाटते. ती आहेच, पण तिच्यामागे या मुलखाचा पावणेदोनशे वर्षांहून जास्त काळ उभा आहे. तो माहीत असला, तर साक्षीतला सहसा सांगायचा राहून जाणारा मधला भागही कळतो. भीती एका झटक्यात क्वचितच गेली आहे. बहुतेक ठिकाणी आधी कुणीतरी येऊन जवळ बसलं आणि मग ती हळूहळू ओसरली.

बायबलमध्ये 'भिऊ नको' हे शब्द ३६५ वेळा, म्हणजे वर्षातल्या प्रत्येक दिवसाला एकदा आले आहेत, असं प्रवचनांतून आणि व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमी सांगतात. मोजायला बसलं तर हा आकडा जमत नाही आणि त्याची गरजही नाही. पाहण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. हे शब्द येतात तिथे बहुधा लगेच त्यांचं कारणही येतं. यशयाच्या ४१ व्या अध्यायात परमुलखात हद्दपार झालेल्या लोकांना देव सांगतो, "तू भिऊ नको, कारण मी तुझ्याबरोबर आहे." संकट टळेल हे वचन तिथे पहिलं नाही, पहिलं आहे ते सोबतीचं. २३ व्या स्तोत्रातला मेंढपाळही मेंढराला काळोखी दरी चुकवून नेत नाही, दरीतून नेतो. गेथशेमाने बागेत तर स्वतः येशू व्याकूळ होतो आणि आपल्या माणसांना 'माझ्याबरोबर जागे राहा' अशी विनवणी करतो. हे वाचल्यावर, घाबरलेल्या माणसाला "तुझा विश्वासच कमी" असं कुणी कसं सुनावू शकतं, हे मला आजवर समजलेलं नाही.

नागपूरला हा संदेश १८४५ साली पोचला. त्या वर्षी स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे स्टीफन हिस्लॉप आले तेव्हा नागपूरवर भोसल्यांचं राज्य होतं. १८४६ मध्ये त्यांनी शहरात शाळा काढली. १८८३ साली सुरू झालेल्या हिस्लॉप कॉलेजला पुढे त्यांचंच नाव मिळालं. गोंडांची गाणी आणि त्यांची भाषा यांचा अभ्यास करणारा, खडक आणि जीवाश्म गोळा करत गावोगाव हिंडणारा हा माणूस ४ सप्टेंबर १८६३ रोजी गेला. टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं पाहून रात्री घोड्यावरून बोरीकडे परतताना पुराच्या पाण्यात ते बुडाले. विश्वास ठेवला की पूर ओसरतो, असं म्हणायला विदर्भातल्या ख्रिस्ती इतिहासाने सुरुवातीपासूनच जागा ठेवलेली नाही. लोकांनी ती नंतर पुष्कळदा शोधली, ते पुढे येईलच.

मराठी ख्रिस्ती माणसाच्या भीतीची सगळ्यात मोलाची कहाणी मात्र नागपूरहून सुटलेल्या एका रेल्वेगाडीत सुरू होते. नारायण वामन टिळक नागपुरात अप्पासाहेब बुटी यांच्याकडे संस्कृत ग्रंथांच्या कामासाठी आले होते. १८९३ साली ते राजनांदगावला निघाले असताना डब्यात एका गोऱ्या प्रवाशाशी गाठ पडली आणि त्याने त्यांना नवा करार दिला. टिळक तो वाचू लागले आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले तेव्हा पुस्तक खाली ठेववेना. मन पालटलं, तरी पाऊल उचलत नव्हतं. जातीबाहेर पडणं म्हणजे घर, बायको, पोट, मित्र, सगळ्यालाच मुकणं. 'ज्ञानोदय' या ख्रिस्ती नियतकालिकात ते सुरुवातीला लिहीत ते निनावी. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. म्हणजे महाराष्ट्रातल्या या थोर ख्रिस्ती कवीलाही भीतीतून बाहेर यायला जवळजवळ दोन वर्षं लागली. आजच्या उपदेशकांनी हे जरूर ध्यानात ठेवावं.

त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना तर त्याहून जास्त काळ लागला. नवऱ्याने धर्म सोडल्याची बातमी त्यांच्यावर वीज पडावी तशी आली. पुढे काही वर्षं दोघं वेगळे राहिले. एकत्र आल्यावरही लक्ष्मीबाईंचं सोवळं सुटलं नव्हतं. त्यांचा स्वयंपाक वेगळा आणि पाणीही वेगळं. ही नुसती सवय नव्हती. विटाळाचं पाणी घशाखाली उतरलं तर आपलं काय होईल, ही खरी धास्ती होती. मग एक दिवस विचार करता करता त्यांना उमगलं, की जाती माणसांनीच केल्या आहेत, आणि तिथून एकेक बंधन गळत गेलं. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांनी त्यांना ओढून नेलं नाही, बायकोचं मन तयार होईपर्यंत ते थांबले. माझ्या दृष्टीने टिळकांच्या सगळ्या कवितांइतकंच हे थांबणं मोठं आहे. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं टिळक सांगत. त्यांची पदं 'उपासना संगीत' या गीतसंग्रहातून आजही विदर्भातल्या खेडोपाडी पेटी-तबल्यावर म्हटली जातात, आणि अभंगाच्या चालीत गायलं की वऱ्हाडी माणसाला ती परकी वाटत नाहीत.

टिळकांचं हे चाललं होतं त्याच काळात वऱ्हाड आणि मध्यप्रांत होरपळत होते. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ लागोपाठ पडले. पंडिता रमाबाईंनी स्वतः दुष्काळाच्या दिवसांतच आईवडील गमावले होते. त्या १८९७ च्या सुमारास मध्यप्रांतात फिरल्या आणि भुकेने वाऱ्यावर पडलेल्या मुलींना घेऊन परतल्या. गावोगावच्या मिशनांनीही अनाथालयं उघडली. आज विदर्भातल्या काही ख्रिस्ती घरांत पणजोबांच्या पलीकडचं नाव सांगता येत नाही, त्याचं एक कारण हे दुष्काळ आहेत.

पुढच्या काळात वेगवेगळ्या प्रोटेस्टंट मिशनांमध्ये कामाची विभागणी झाली. अकोल्याकडे अलायन्स, यवतमाळकडे फ्री मेथडिस्ट, बुलढाणा-वाशिमकडे नाझरीन मंडळी आली. कॅथलिकांचा नागपूर धर्मप्रांत १८८७ चा आहे, अमरावतीचा १९५५ चा. नागपूरचं मूर मेमोरियल, वाशिमचं रेनॉल्ड्स मेमोरियल, पांढरकवड्याजवळचं उमरीचं हॉस्पिटल ही नावं ख्रिस्ती नसलेल्या घरांतही बाळंतपणाच्या आठवणींत येतात. १९५३ साली यवतमाळला युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली. १९८३ मध्ये ती पुण्याला हलली, पण त्या तीस वर्षांत देशभरातले पाळक यवतमाळच्या उन्हात शिकून गेले.

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त सांगावंसं वाटतं ते कुष्ठरोगाबद्दल. मेळघाटच्या पायथ्याशी, परतवाडा-अचलपूरजवळ कोठाऱ्याला मिशनचं कुष्ठरुग्णालय उभं राहिलं तेव्हा या आजारावर खरा इलाज नव्हता. १८७३ साली हॅन्सन यांनी जंतू शोधला होता, पण गुण देणारी सल्फोन औषधं १९४० च्या दशकात आली आणि एमडीटी, म्हणजे अनेक औषधांचा एकत्रित उपचार, १९८० च्या दशकात. मधली सगळी वर्षं हातात होतं ते फक्त जवळ जाणं. गावाने ज्याला शिवेबाहेर काढलं, त्याच्या पायाजवळ कुणीतरी बसायचं. बधिर पाय साध्या पाण्यात भिजवायचा, कडक झालेली कातडी हलक्या हाताने घासायची, वर तेलाचा हात फिरवायचा, तळव्याला भेग किंवा फोड आहे का ते बघायचं. हेच काम पुढे रुग्णाला स्वतः करायला शिकवलं गेलं आणि एमसीआर रबराची मऊ चप्पल आली. शुभवर्तमानात येशूपुढे कुष्ठरोगी गुडघे टेकतो तेव्हा येशू आधी हात पुढे करून त्याला स्पर्श करतो, आणि त्यानंतर तो बरा होतो. हा क्रम कोठाऱ्याच्या कामात दिसतो. कायद्याला मात्र माणुसकी शिकायला वेळ लागला. रुग्णांना समाजापासून तोडणारा १८९८ चा कायदा २०१६ मध्ये जाऊन रद्द झाला.

हिंगणघाटला जन्मलेले बाबा आमटे ख्रिस्ती नव्हते, पण भीतीची गोष्ट करताना त्यांना वगळता येत नाही. वरोऱ्यात भर पावसात पडलेल्या तुळशीराम या कुष्ठरोग्याला पाहून ते घाबरून निघून गेले, हे त्यांनी पुढे कधी लपवलं नाही. ते परत गेले, त्याच्या डोक्यावर आडोसा केला आणि मनातली ती भीती काढण्यासाठी कुष्ठसेवेत उतरले. त्यातून आनंदवन उभं राहिलं. "पूर्ण प्रीती भीती घालवून देते" हे योहानाचं वाक्य कुठल्याही धर्माच्या माणसाच्या हातून खरं होऊ शकतं, असं मी मानतो.

आता करणीकडे वळू. गावात दुखणं आलं, म्हैस आटली, लेकरू वाळत गेलं, की "कोणी केलं?" हा प्रश्न येतो आणि बोट शेजारच्या एखाद्या एकट्या बाईकडे वळतं. मेळघाटात पोट फुगलेल्या बाळाला तापल्या लोखंडाने डागण्याची 'डम्मा'ची रीत आहे, तिच्या तळाशीही आईबापाची घाबरगुंडीच असते. अशा ठिकाणी ख्रिस्ती प्रार्थनेने पुष्कळ घरांना खरा धीर दिला. देवऋष्याची कोंबडं-नारळाची मागणी थांबली आणि घरातल्या चार माणसांनी हात धरून प्रार्थना केली. पण काही ठिकाणी करणीची भीती गेलीच नाही, फक्त तिच्यावरचा उतारा बदलला. देवऋष्याच्या जागी मोठ्या आवाजाचा उपदेशक आला आणि तोही "तुझ्यावर कोणीतरी केलंय" हेच सांगू लागला. हे बरोबर नाही, आणि आपण मंडळीतल्या लोकांनीच ते बोललं पाहिजे. जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापाचं? येशू म्हणतो, कुणाचंच नाही. "कोणी केलं?" हा प्रश्नच तिथे गळून पडतो. शिवाय २०१३ चा महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा सगळ्या धर्मांना सारखाच लागू आहे. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला डॉक्टरकडे जाण्यापासून अडवून मंत्रोपचार करणं हा त्यात गुन्हा आहे.

सापावरून ९१ वं स्तोत्र आठवतं. विदर्भातल्या ख्रिस्ती शेतकऱ्याच्या घरी सगळ्यात जास्त वाचलं जाणारं स्तोत्र कदाचित हेच असेल. रात्रीचं भय, काळोखात फिरणारी मरी, सिंह, नाग, सगळं त्यात आहे. शेतीपंपाला लाइन रात्रीची असली, की हरभऱ्याला पाणी द्यायला माणूस अकराला वावरात जातो. पांढरकवडा-राळेगावच्या पट्ट्यात टी-१ वाघिणीची दहशत होती, तेरा बळी तिच्या नावावर सांगितले गेले आणि २ नोव्हेंबर २०१८ रोजी तिला गोळी घालण्यात आली. त्या दिवसांत त्या भागात संध्याकाळनंतर धुऱ्यावर जाणं म्हणजे जिवाशी खेळ होता. अशा वेळी घरच्यांनी स्तोत्र वाचून माणसाला निरोप देणं मी समजू शकतो. फक्त हेही वाचावं, की मोहाच्या प्रसंगी सैतान येशूला याच स्तोत्रातलं वचन ऐकवतो: उडी टाक, देवदूत झेलतील. येशू नकार देतो, देवाची परीक्षा पाहू नये म्हणतो. म्हणून स्तोत्र वाचावं आणि बॅटरी, काठी, गमबूट घेऊन, दोघांनी मिळून जावं.

आणखी एक भीती इथल्या ख्रिस्ती माणसाच्या वाट्याला बाहेरून आली. विदर्भ मध्य प्रदेशात असताना, १९५४ साली, तिथल्या सरकारने मिशनऱ्यांच्या कामाच्या चौकशीसाठी भवानीशंकर नियोगी यांची समिती नेमली. १९५६ च्या तिच्या अहवालात वैद्यकीय सेवेचा धर्मांतराचं साधन म्हणून वापर कायद्याने बंद करावा, अशी शिफारस होती. संशयाची सावली तेव्हापासून कमी-जास्त होत राहिली आहे. दवाखान्यात प्रार्थना करताना आवाज खाली येतो, घरच्या प्रार्थनासभेला शेजाऱ्यांना बोलवावं की नाही असा विचार होतो. माझं मत असं, की आजारी माणसाची लाचारी धर्मासाठी वापरणं ख्रिस्ताला शोभणारं नाहीच, आणि सेवा करणाऱ्या प्रत्येकाकडे संशयाने पाहणं हाही अन्यायच आहे. त्याच १९५६ च्या ऑक्टोबरात नागपुरात डॉ. आंबेडकरांनी लाखोंसह बौद्ध धम्म स्वीकारला. पिढ्यानपिढ्यांचं भय झुगारण्याची विदर्भातली सर्वांत मोठी वाट ती ठरली, हे ख्रिस्ती माणसानेही आदराने नोंदवावं.

आजची भीती बहुतेक करून कर्जाची आहे. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष पॅकेज जाहीर केलं, त्याला आता बरीच वर्षं लोटली. पऱ्हाटी, म्हणजे कापूस, अजून पावसावरच आहे आणि बोंडअळी दर काही हंगामांनी डोकं वर काढते. आत्महत्या झालेल्या घराबद्दल मंडळ्यांमध्ये पूर्वी फार कठोर बोललं जाई. राजे या पुस्तकातला एलीयाचा प्रसंग त्या कठोरपणाला उत्तर देतो. जीव नको झालेला हा संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली पडून मरण मागतो, तेव्हा देवदूत त्याला रागावत नाही. त्याला झोपू देतो, मग उठवून निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो. काही ठिकाणी पाळक आणि महिला मंडळाच्या बाया आता याच रीतीने घरी जातात. उपदेश बाजूला ठेवून डबा नेतात, बँकेच्या कागदांसाठी सोबत तालुक्याला जातात, फवारणीचं औषध घरात न ठेवता कुलपात ठेवायला सांगतात. मानसिक त्रासात मदत करणाऱ्या टेली मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास फुकट चालतो आणि त्यावर मराठीत बोलता येतं. तो रविवारी भक्तीनंतर मोठ्याने वाचून दाखवायला आणि चर्चच्या फळ्यावर लिहून ठेवायला काहीच हरकत नाही.