ध्रुवीय प्रवासाची शाळा : हिवाळी स्की-मोहिमांतील प्रशिक्षणाची पार्श्वभूमी

नॉर्वेतील बर्गन लोहमार्गावरचे फिन्से हे स्थानक समुद्रसपाटीपासून १२२२ मीटर उंचीवर असून तिथवर मोटारीचा रस्ता जात नाही. दर हिवाळ्यात, विशेषतः फेब्रुवारी-मार्चमध्ये, देशोदेशीचे हौशी प्रवासी स्की, तंबू आणि पल्क नावाच्या घसरगाड्या घेऊन येथे उतरतात, हार्डांगरव्हिडाच्या उघड्याबोडक्या पठारावर काही दिवस मार्गदर्शकाबरोबर चालतात, बर्फातच मुक्काम करतात आणि ध्रुवीय प्रवासाचे प्राथमिक धडे घेऊन परततात. ग्रीनलंडची हिमचादर ओलांडायची असो की दक्षिण ध्रुवापर्यंत स्कीवरून जायचे असो, आधी असा काही अनुभव गाठीशी असावा अशी अपेक्षा मोहिमा नेणाऱ्या संस्था आता सर्रास धरतात. ही व्यवस्था आज स्वाभाविक वाटत असली, तरी ध्रुवीय प्रवास हे धैर्यापेक्षा अधिक करून सरावाचे आणि शिस्तीचे काम आहे, ते शिकवता येते आणि मोहिमेच्या आधीच शिकले पाहिजे, ही समजूत रुजायला फार मोठा काळ गेला.

एकोणिसाव्या शतकात उत्तर ध्रुवप्रदेशातील शोधमोहिमांवर ब्रिटिश नौदलाचा प्रभाव होता आणि नौदलाच्या लेखी बर्फावरचा प्रवास हा जहाजावरील कामाचाच एक विस्तार होता. खलाशांच्या तुकड्या जड स्लेज स्वतः ओढत नेत. कसे ओढायचे, काय पांघरायचे, पाणी कसे वितळवायचे हे सारे तेथेच, प्रसंग पडेल तसे शिकले जाई. १८४५ मध्ये उत्तर ध्रुवप्रदेशातून जाणारा जलमार्ग शोधायला सर जॉन फ्रँकलिन यांच्यासह गेलेले १२९ जण परतले नाहीत. पण त्यांच्या शोधासाठी निघालेल्या मोहिमांनीही ही पद्धत सोडली नाही, उलट नौदल अधिकारी लिओपोल्ड मॅक्लिंटॉक यांच्या हाती ती अधिक काटेकोर झाली. त्याच काळात कॅनडात फरचा व्यापार करणाऱ्या हडसन्स बे कंपनीचे डॉक्टर जॉन रे मोजक्या माणसांनिशी, इनुइट आणि क्री या तेथील मूळ रहिवाशांकडून शिकलेल्या रीतीने, बर्फाची घरे बांधत आणि शिकारीवर गुजराण करत शेकडो मैल फिरत होते. फ्रँकलिन मोहिमेच्या शेवटाची बातमी १८५४ मध्ये त्यांनीच इनुइटांकडून आणली, मात्र उपाशी खलाशांनी नरमांस खाल्ल्याचा उल्लेख त्या बातमीत असल्याने लंडनमध्ये तिचे स्वागत झाले नाही. स्थानिक लोकांकडून शिकणे हे कमीपणाचे मानणारी ही वृत्ती पुढे आणखी अर्धशतक टिकली, आणि तिची किंमत अनेकांनी मोजली.

नॉर्वेची स्थिती मुळातच निराळी होती, कारण तेथे स्की हे हिवाळ्यात घराबाहेर पडण्याचे नित्याचे साधन होते. फ्रिट्यॉफ नान्सेन याने १८८४ च्या हिवाळ्यात बर्गनहून डोंगर ओलांडून क्रिस्तियानिया, म्हणजे आजचे ओस्लो, स्कीवरून गाठले होते. चार वर्षांनी तो ग्रीनलंड ओलांडायला निघाला तेव्हा त्याच्या पाच साथीदारांत सॅम्युएल बाल्टो आणि ओले राव्ना हे दोन सामी, म्हणजे उत्तर स्कँडिनेव्हियातील मूळ रहिवासी, होते, ते बर्फावरचे जाणकार म्हणून. या मोहिमेने हलक्या, लवचीक लाकडी स्लेज आणि स्की यांच्या जोरावर हिमचादर पूर्वेकडून पश्चिमेकडे पार केली. वारा अनुकूल असेल तेव्हा स्लेजवर शीडही उभारले. तरीही एक चूक साऱ्यांना भोवली. बरोबर घेतलेल्या पेमिकनमधून, म्हणजे सुकवून कुटलेल्या मांसातून, चरबी काढून टाकलेली होती, आणि पोट भरूनही न शमणारी चरबीची भूक प्रवासभर त्यांचा पिच्छा पुरवत राहिली. आजच्या मोहिमांच्या आहारात लोणी, तेल आणि सुकामेव्याचे प्रमाण इतके का असते, याचे उत्तर शिकाऊंना याच उदाहरणाने देता येते. स्टोव्हची उष्णता वाया न जाऊ देता एकाच वेळी अन्न शिजवणारे व भोवतालच्या भांड्यात बर्फ वितळवणारे नान्सेनचे स्वयंपाकाचे भांडेही याच खटपटीतून आले. १८९२ च्या सुमारास स्वीडनमध्ये तयार झालेल्या प्राइमस स्टोव्हशी त्याची जोडी जमली आणि तळापासून दूर किती दिवस राहता येईल याचे गणितच बदलले.

मात्र नॉर्वेत जन्मणे म्हणजे ध्रुवीय प्रवास येणे नव्हे, हे पुढे दक्षिण ध्रुव सर्वप्रथम गाठणाऱ्या रोआल्ड अमुंडसेनच्या उमेदवारीवरून दिसते. १८९६ च्या जानेवारीत तो भाऊ लिऑनसह हार्डांगरव्हिडा पूर्वेकडून पश्चिमेकडे ओलांडायला निघाला. दोघांनी अंतर काही दिवसांचेच धरले होते. वादळाने त्यांना एका झोपडीत अडकवून ठेवले, पुढे वाट चुकली, शिधा गेला आणि उघड्यावर रात्री काढण्याची पाळी आली. अशाच एका रात्री वाऱ्यापासून बचाव म्हणून अमुंडसेन बर्फात बीळ करून त्यात झोपला. वरून पडणारा ओलसर बर्फ रात्रीतून गोठला आणि पहाटे जाग आली तेव्हा त्याला हातपाय हलवता येईनात. स्लीपिंग बॅगच्या फरचे चार केस बर्फाबाहेर दिसत होते, त्यांवरून भावाने त्याला शोधले आणि उकरून बाहेर काढले. आपण पश्चिमेकडील गारेन या शेतघराच्या अगदी जवळून माघारी फिरलो होतो, हे त्याला नंतर समजल्याचे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. फिन्सेला येणारा आजचा शिकाऊ ज्या पठारावर चालतो, ते हेच. वृक्षरेषेच्या वर पसरलेल्या, अटलांटिकवरून येणाऱ्या वाऱ्याला अडथळा नसलेल्या या प्रदेशात थंडी ध्रुवाइतकी नसली तरी वारा, धुके आणि दिशाहीन पांढरेपणा खराखुरा भेटतो, आणि तरीही माणसांची वस्ती एक-दोन दिवसांच्या अंतरावर असते. शिकण्यासाठी याहून सोयीची जागा शोधणे कठीण.

अमुंडसेनचे खरे शिक्षण पुढे झाले. १९०३ ते १९०५ या काळात त्याचे ‘ग्योआ’ जहाज उत्तर कॅनडातील किंग विल्यम बेटावर मुक्कामाला असताना तो नेत्सिलिक इनुइटांकडून कपडे, कुत्र्यांच्या गाड्या आणि बर्फाची घरे यांविषयी शिकत राहिला. त्यांचे कातडी कपडे सैल असत, आत हवा खेळती राही आणि घाम साचत नसे. घाम हा थंडीतला पहिला शत्रू आहे, चालताना किंचित गारठा जाणवला पाहिजे, अंग तापण्याआधी थर उतरवले पाहिजेत, हा आजच्या प्रशिक्षणातील पहिल्या दिवसाचा धडा मुळात तेथला आहे.

दक्षिण ध्रुवाच्या शर्यतीतील ब्रिटिशांची बाजू सांगताना ‘हौशी स्कॉट विरुद्ध तज्ज्ञ अमुंडसेन’ असा सोपा सामना लावण्याची पद्धत आहे. ती पूर्णपणे न्याय्य नाही. स्कॉट यांच्या ‘डिस्कव्हरी’ या पहिल्या अंटार्क्टिक मोहिमेच्या पहिल्याच हंगामात, मार्च १९०२ मध्ये, परतणाऱ्या एका तुकडीने हिमवादळात तंबू सोडून जहाज गाठण्याचा निर्णय घेतला. निसरड्या फरच्या बुटांमुळे जॉर्ज व्हिन्स हा खलाशी उतारावरून घसरून समुद्रात गेला. त्या तुकडीतील कोणालाही अशा प्रवासाची सवय नव्हती. यातून रॉबर्ट फाल्कन स्कॉट काहीच शिकले नाहीत असे मात्र म्हणता येणार नाही. १९१० च्या मार्चमध्ये ते मोटार-स्लेजच्या चाचणीसाठी नॉर्वेतील फेफोर येथे गेले, तेथे त्यांनी नान्सेनच्या शिफारशीवरून त्रिग्वे ग्रान या तरुणाचे स्कीकौशल्य पाहिले आणि त्याला स्कीचा शिक्षक म्हणून अंटार्क्टिकाला नेले. शिक्षण चालू होते, पण उशिरा, आणि मोहीम सुरू झाल्यानंतर. दुसरीकडे अमुंडसेनही चुकला : ८ सप्टेंबर १९११ रोजी घाईने निघालेली त्याची तुकडी उणे पन्नास अंश सेल्सियसच्या खालच्या थंडीत अडकून परतली, परतीत माणसे एकमेकांपासून फुटली आणि टाचा गोठलेल्या प्रेस्त्रुड या साथीदाराला ह्याल्मार योहान्सेन या दुसऱ्या साथीदाराने कसेबसे तळावर आणले. ऑक्टोबरात पुन्हा निघून त्याने १४ डिसेंबरला दक्षिण ध्रुव गाठला, ही गोष्ट प्रसिद्ध आहे; सप्टेंबरची माघार त्या मानाने विस्मरणात गेली.

या काळातील तपशील आजच्या प्रशिक्षणात कसे उतरले, हे तंबूत शिरल्यावर कळते. १९११ च्या अंटार्क्टिक हिवाळ्यात स्कॉटच्या तीन साथीदारांनी पेंग्विनची अंडी आणण्यासाठी केलेल्या पाच आठवड्यांच्या प्रवासात श्वासातील आणि घामातील बाष्प कापडात गोठत गेले आणि सुमारे ३५ पौंडांचा त्यांचा तंबू परतताना जवळपास ६० पौंडांचा झाला. म्हणून आजचा शिकाऊ अतिथंडीत स्लीपिंग बॅगच्या आत बाष्परोधक अस्तर घालून झोपतो, आणि सकाळी तंबूच्या आतील कापडावर जमलेला बर्फ ब्रशने झाडून बाहेर टाकल्याखेरीज मार्गदर्शक त्याला तंबू गुंडाळू देत नाही. तंबूच्या काठ्या शक्यतो पूर्ण सुट्या न करता बाहीतच ठेवून बांधल्या जातात, म्हणजे वादळात जाड हातमोजे न काढता तंबू उभा करता येतो. कापड उलगडण्याआधी त्याचे एक टोक पल्कला किंवा रोवलेल्या स्कीला अडकवलेले असते, कारण उडालेला तंबू परत मिळत नाही. हातमोजे दोरीने बांधलेले, स्टोव्ह लाकडी फळीवर पक्का बसवलेला, वायुवीजनाची झडप उघडी, दर विश्रांतीला एकमेकांच्या नाका-गालांवर हिमदंशाचा पांढरा डाग शोधणे : यांतील एकही गोष्ट अवघड नाही, पण थकलेल्या माणसाने त्या रोज, त्याच क्रमाने करणे अवघड आहे, आणि प्रशिक्षणाचा बहुतेक वेळ त्यातच जातो. स्की करण्याचे कौशल्य त्या मानाने दुय्यम ठरते.

पहिल्या महायुद्धानंतर विमाने व यांत्रिक वाहने आली आणि माणसाने स्वतः ओझे ओढण्याची गरज संशोधनापुरती तरी ओसरली. हे ज्ञान टिकले ते नॉर्वेच्या डोंगरी जीवनात आणि सैन्यात. १९५२ मध्ये तेथे डोंगरातील वर्तनाचे नियम प्रसृत झाले आणि १९६७ च्या ईस्टरच्या सुटीत १८ जणांचा बळी गेल्यानंतर त्यांचा नव्याने जोरदार प्रसार करण्यात आला. वेळेवर मागे फिरा, त्यात लाज नाही, हा त्यांतील नियम नॉर्वेत शाळकरी मुलांनाही पाठ असतो. जरूर पडल्यास बर्फातच आसरा घ्या, असेही त्यांत सांगितले आहे. व्हिन्सच्या तुकडीला नेमके हेच कोणी सांगितलेले नव्हते.

१९८० च्या दशकात स्वतःच्या बळावर ध्रुव गाठण्याची ओढ पुन्हा जागी झाली. १९९० मध्ये नॉर्वेचे एर्लिंग कागे आणि बॉर्गे औसलँड बाहेरील मदतीशिवाय उत्तर ध्रुवावर पोहोचले. १९९३ मध्ये कागे आणि १९९४ मध्ये लिव्ह आर्नेसेन एकट्याने दक्षिण ध्रुवावर गेले. १९९६-९७ मध्ये औसलँडने एकट्याने अंटार्क्टिका ओलांडले. दरम्यान १९८५ मध्ये स्थापन झालेल्या ॲडव्हेंचर नेटवर्क इंटरनॅशनलने अंटार्क्टिकाच्या अंतर्भागात खासगी विमानसेवा सुरू केल्याने पैसे भरून जाणाऱ्यांनाही वाट खुली झाली. १९८८-८९ मध्ये तिने नेलेला मार्गदर्शित स्की-गट १७ जानेवारी १९८९ रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचला, आणि त्यात भारतीय लष्करातील कर्नल जे. के. बजाज हेही होते. १९९७ मध्ये वीस ब्रिटिश महिलांनी पाच तुकड्यांत, दोन महिला मार्गदर्शकांच्या सोबतीने, टप्प्याटप्प्याने उत्तर ध्रुव गाठला. त्यांतील बहुतेकींना ध्रुवीय प्रवासाचा पूर्वानुभव नव्हता. निवड, प्रशिक्षण आणि मार्गदर्शक मिळाल्यास सर्वसामान्य माणूसही हे करू शकतो, हे या मोहिमेने दाखवले. २००९ मध्ये कॉमनवेल्थ देशांतील महिलांच्या दक्षिण ध्रुव मोहिमेची निवड-शिबिरे नॉर्वेतच झाली. त्या मोहिमेतून रीना कौशल धर्मशक्तू स्कीवरून दक्षिण ध्रुव गाठणाऱ्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या.

मागणी वाढली तसे नियमही आले. ग्रीनलंडची हिमचादर ओलांडण्यासाठी शासनाची परवानगी आणि शोध-बचावाचा विमा लागतो. अंटार्क्टिकात १९९१ च्या माद्रिद प्रोटोकॉलनुसार मोहिमेच्या पर्यावरणीय परिणामांचे मूल्यमापन करावे लागते. एखाद्या अननुभवी प्रवाशासाठी विमान पाठवण्याचा खर्च आणि धोका लक्षात घेता, पूर्वप्रशिक्षणाची अट ही आयोजकांची व्यावहारिक गरज झाली. त्यातच उत्तर ध्रुवाचा मार्ग अरुंद होत चालला आहे : समुद्रावरील बर्फ पातळ झाला, आणि शेवटच्या अंशाच्या, म्हणजे ८९ अक्षांशापासून ध्रुवापर्यंतच्या, मोहिमा जेथून निघत तो बार्नेओ हा तरंगत्या बर्फावरचा तळ २०१९ पासून अनेक वर्षे प्रवाशांसाठी चालूच झाला नाही. परिणामी ग्रीनलंड, नॉर्वेचा स्वालबार्ड द्वीपसमूह आणि कॅनडाचे बॅफिन बेट यांच्याबरोबरच हार्डांगरव्हिडावरील हिवाळी मोहिमांचेही महत्त्व वाढले आहे, आणि ध्रुवावर जाण्याचा कोणताही बेत नसलेले अनेक जण आता केवळ हे शिक्षण घेण्यासाठी फिन्सेच्या गाडीत बसतात.