केशरोपण

केशरोपण म्हणजे डोक्याच्या मागच्या व कानांवरच्या भागातील केस मुळांसकट काढून टक्कल पडलेल्या जागी लावण्याची शस्त्रक्रिया. बोलताना ‘हेअर ट्रान्सप्लांट’ हाच शब्द रूढ आहे. तरव्यातली रोपे उपटून खाचरात लावतात तशीच ही लावणी. फरक एवढाच की भाताचा तरवा दर पावसाळ्यात पुन्हा पेरता येतो, डोक्यामागचा तरवा एकदाच मिळतो. या शस्त्रक्रियेत एकही नवा केस तयार होत नाही. असलेले केस जागा बदलतात. तिच्याविषयीचे बहुतेक गैरसमज, आणि बहुतेक निराशाही, हे लक्षात न घेतल्यामुळे होतात.

पुरुषांना वयानुसार पडणारे टक्कल हे आनुवंशिकता आणि संप्रेरके यांचे काम आहे. टेस्टोस्टेरॉनपासून डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन (डीएचटी) तयार होते. कपाळावरच्या आणि टाळूच्या केसांची मुळे त्याला संवेदनशील असली तर केसवाढीच्या दर चक्रात बारीक होत जातात व भरदार केसाची शेवटी लव उरते. ‘टक्कल आजोळहून येते, मामाचे डोके पाहा’ या समजुतीत थोडे तथ्य आहे, कारण संबंधित जनुकांपैकी एक महत्त्वाचा जनुक आईकडून येणाऱ्या एक्स गुणसूत्रावर असतो. मात्र इतर अनेक जनुकेही यात असतात आणि वडिलांची बाजूही मोजावी लागते. मागच्या पट्ट्यातील मुळे डीएचटीला सहसा दाद देत नाहीत. ती उचलून पुढे लावली तरी आपला मूळ स्वभाव सोडत नाहीत. केशरोपणाचा सारा डोलारा एवढ्या एका गोष्टीवर उभा आहे.

दुसऱ्याचे केस का लावता येत नाहीत, हा प्रश्न हमखास विचारला जातो. परक्या ऊतींना शरीर नाकारते, आणि ते टाळायचे तर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे कायम घ्यावी लागतील. केसांसाठी तो धोका कोणी पत्करत नाही. तिरुपतीला अर्पण केलेल्या केसांचा लिलाव होतो, पण त्यांना मूळ नसते. त्यांचे टोप होतात, रोपण होत नाही.

पुंजीचा हिशेब

केस त्वचेतून नेहमी एकेकटे उगवत नाहीत. एक ते चार केसांचे लहान पुंजके असतात आणि असा एक पुंजका म्हणजे एक ग्राफ्ट. त्यामुळे २,००० ग्राफ्ट म्हणजे साधारण ४,००० केस. जाहिरातीत कधी केस मोजलेले असतात, कधी ग्राफ्ट. दर विचारताना हे आधी स्पष्ट करून घ्यावे.

निरोगी डोक्यावर दर चौरस सेंटिमीटरला ७० ते १०० पुंजके असतात. रोपण करताना ३० ते ४५ पर्यंत दाटी साधली तरी डोके भरलेले दिसते, कारण निम्मे केस जाईपर्यंत विरळपणा नजरेत भरत नाही. आता गणित करून पाहावे. पुढपासून भोवऱ्यापर्यंत टक्कल पडलेला भाग २०० चौरस सेंटिमीटर धरला तर ४० च्या दाटीने ८,००० ग्राफ्ट लागतील. मागचा भाग उघडाबोडका न करता आयुष्यभरात निघू शकणारे ग्राफ्ट मात्र सर्वसाधारणपणे ४,००० ते ६,००० असतात. म्हणूनच मुरलेले डॉक्टर आधी कपाळाकडचा भाग भरतात आणि भोवरा विरळ ठेवतात किंवा सोडूनच देतात. दाढीचे किंवा छातीचे केस भर म्हणून वापरता येतात, पण त्यांचा पोत वेगळा असतो.

बावीस-तेविसाव्या वर्षी शस्त्रक्रियेची घाई नको, याचे कारणही हेच. टक्कल कुठवर जाणार हे त्या वयात कळत नाही. रोपलेली पुढची ओळ टिकते, मागचे मूळचे केस गळत राहतात, आणि दहा वर्षांनी कपाळावर एक बेट उरते. टकलाच्या अवस्था मोजण्यासाठी जेम्स हॅमिल्टन यांनी १९५१ मध्ये मांडलेली व ओ’टार नॉरवुड यांनी १९७५ मध्ये सुधारलेली सात पायऱ्यांची मोजपट्टी आजही वापरतात. मूळचे केस टिकवण्यासाठी मिनॉक्सिडिल आणि फिनास्टेराइड ही औषधे शस्त्रक्रियेनंतरही बहुधा चालू ठेवावी लागतात. फिनास्टेराइडमुळे थोड्या पुरुषांना कामेच्छा कमी होण्याचा त्रास होतो, त्यामुळे ते डॉक्टरांशी बोलूनच घ्यावे.

चाई पडलेल्या माणसाला रोपण सहसा सुचवत नाहीत; त्या विकारात शरीराची प्रतिकारशक्तीच मुळांवर उलटते आणि नव्या जागी लावलेल्या केसांनाही ती सोडेल याची खात्री नसते. स्त्रियांमध्ये केस सर्वत्र विरळ होत असतील तर मागची पुंजीही तशीच कमकुवत असते. भाजल्याचे किंवा अपघाताचे व्रण, भुवया, दाढी यांसाठीही केशरोपण केले जाते.

इतिहास

जपानी त्वचारोगतज्ज्ञ शोजी ओकुदा यांनी १९३९ मध्ये केसाळ त्वचेच्या लहान गोल चकत्या व्रणांवर लावण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांचा रोख टकलावर नव्हता. महायुद्धाच्या धामधुमीत ते काम पाश्चात्त्य डॉक्टरांपर्यंत पोहोचलेच नाही. न्यूयॉर्कमध्ये नॉर्मन ओरेनट्राइक यांनी १९५२ मध्ये पुरुषी टकलावर रोपण केले आणि १९५९ मध्ये ‘केस आपल्या मूळ जागेचा गुण धरून राहतात’ हे तत्त्व मांडले. त्यांच्या चकत्या सुमारे ४ मिलिमीटरच्या असत, त्यामुळे डोके बाहुलीसारखे दिसे: एक झुबका, मग मोकळी जागा, मग पुन्हा झुबका. आधीच्या पिढीत केशरोपणाची चेष्टा होई ती यामुळे. १९९० च्या दशकात सूक्ष्मदर्शकाखाली नैसर्गिक पुंजके सुटे करून लावण्याची रीत रुळली आणि ही खूण पुसली गेली.

शस्त्रक्रियेचा दिवस

आधी रक्त तपासतात: साखर, रक्त गोठण्याचा वेळ, एचआयव्ही, कावीळ बी व सी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती आपल्या मनाने बंद करू नये. ज्या डॉक्टरांनी ती दिली त्यांना विचारावे. तंबाखू काही दिवस आधीपासून सोडावी लागते. त्यात सिगारेट येते तशी चुन्यासोबत मळलेली तंबाखू आणि मिश्रीही येते, कारण निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम भरायला वेळ लागतो.

सकाळी डॉक्टर मार्करने कपाळावर पुढच्या केसांची रेषा आखतात. भुवयांच्या मध्यापासून चार बोटे वर, हा ढोबळ ठोकताळा. रुग्णाला ती जवळजवळ नेहमीच आणखी खाली हवी असते. चाळिशीतल्या माणसाच्या कपाळावर शाळकरी मुलाची रेषा विचित्र दिसते आणि ती भरण्यात पुंजीही उडते, म्हणून इथे नाही म्हणणारा डॉक्टर चांगला समजावा.

भूल जागेपुरती असते, माणूस जागाच राहतो. दिवसभरातला खरा दुखणारा भाग म्हणजे या भुलेच्या सुया. पुढे कंटाळा येतो तेवढाच. ग्राफ्ट काढण्याच्या दोन पद्धती आहेत. एफयूटीमध्ये मागच्या भागातून सुमारे एक सेंटिमीटर रुंदीची त्वचेची पट्टी काढून टाके घालतात व त्या पट्टीतून पुंजके सोडवतात. आडवा व्रण कायमचा राहतो आणि केस बारीक कापले की दिसतो. एफयूईमध्ये ०.८ ते १ मिलिमीटर व्यासाच्या पोकळ पंचने एकेक पुंजका काढतात. टाके नसतात, पण ठिपक्यांचे व्रण उरतात, तेव्हा ‘व्रणरहित’ ही जाहिरात खरी नव्हे. सध्या बोलबाला एफयूईचा आहे.

काढलेले ग्राफ्ट थंड द्रावणात ठेवतात. ते सुकले की मेले. मग बारीक छिद्रे पाडून त्यांत ते बसवतात. पहिल्या ओळींत एक केसाचे, मागे दोन-तीन केसांचे. छिद्राचा कोन आणि दिशा यांवर सगळे रूप ठरते, भोवऱ्यात तर विशेषच. साधारण २,००० ते २,५०० ग्राफ्टना सहा ते आठ तास लागतात. मध्ये जेवणाची सुट्टी असते.

नंतरचे दिवस

पहिल्या काही रात्री डोके उंच ठेवून उताणे झोपावे लागते. प्रवासात मानेला लावतात ती उशी कामी येते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी कपाळाला सूज येते आणि ती उतरत पापण्यांपर्यंत येऊ शकते. आरशात पाहून घाबरायला होते, पण हे भूल देताना टोचलेले पाणी असते आणि काही दिवसांत ओसरते. वाढत जाणारी वेदना, पू किंवा ताप मात्र साधा समजू नये.

नवे ग्राफ्ट पहिल्या दोन-तीन दिवसांत अगदी नाजूक असतात आणि सुमारे दहा दिवसांत पक्के बसतात. तोवर खाजवायचे नाही, टॉवेलने पुसायचे नाही, शॉवरची धार घ्यायची नाही. शाम्पूचा फेस ओतून मगने हळू पाणी सोडतात. खपल्या सात ते दहा दिवसांत सुटतात आणि त्यांच्यासोबत केसही येतात. खपलीतल्या केसाच्या टोकाला पांढरा गोळा दिसला तरी मूळ आत सुरक्षित असते. ग्राफ्ट खरोखर निघाला तर तिथून रक्त येते.

दुचाकीवर फिरणाऱ्यांची अडचण हेल्मेटची. किमान दहा-पंधरा दिवस ते घासू द्यायचे नाही, आणि हेल्मेटशिवाय गाडी चालवणे हा काही उपाय नव्हे. तेवढे दिवस रिक्षाने किंवा बसने जावे. व्यायामशाळा आणि पोहणे यांना दोन ते चार आठवडे सुट्टी.

यानंतरचा काळ कोणी नीट सांगत नाही. दुसऱ्या ते आठव्या आठवड्यात लावलेले केस बहुतेक गळून जातात. मुळे धक्क्याने विश्रांतीच्या अवस्थेत जातात, केस सोडतात आणि सुमारे तीन महिन्यांनी पुन्हा जागी होतात. आजूबाजूचे मूळचे केसही काही काळ गळू शकतात, त्याला शॉक लॉस म्हणतात. तिसऱ्या महिन्यात माणूस शस्त्रक्रियेआधीपेक्षा वाईट दिसण्याची शक्यता चांगलीच असते, वर नवे केस फुटताना पुटकुळ्या येतात. गणपतीत शस्त्रक्रिया आणि तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त, असा बेत आखणारे नवरदेव नेमके या काळात बोहल्यावर चढतात. लग्नासाठी करायचेच असेल तर वर्षभर आधी करावे.

चौथ्या महिन्यापासून बारीक, कधी कुरळे केस दिसू लागतात. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, त्यामुळे सहाव्या महिन्यात चित्र अर्धेच असते. खरा निकाल बाराव्या महिन्यात, भोवऱ्याचा अठराव्यापर्यंत. टाळूची बधिरता काही आठवडे ते काही महिने राहते.

धोके आणि नियम

जंतुसंसर्ग, मागचा भाग वाजवीपेक्षा जास्त उपसला जाणे आणि ग्राफ्ट न धरणे हे नेहमीचे धोके. जिवावर बेतणे विरळ, पण घडलेले आहे. भुलेच्या औषधाला वजनानुसार मर्यादा असते. ॲड्रेनॅलिनसह दिल्या जाणाऱ्या लिडोकेन या भुलेच्या औषधासाठी ती सहसा दर किलोला ७ मिलिग्रॅम धरतात. एकाच बैठकीत फार ग्राफ्ट म्हणजे फार तास आणि फार भूल. २०१९ मध्ये मुंबईत नऊ हजारांच्या आसपास ग्राफ्ट लावून घेतलेल्या एका रुग्णाचा काही दिवसांतच मृत्यू झाला, आणि २०२५ मध्ये कानपूरमधील दोन मृत्यूंची प्रकरणे पोलिसांपर्यंत गेली.

राष्ट्रीय वैद्यक आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार केशरोपण प्लास्टिक सर्जरी किंवा त्वचारोग यांसारख्या विषयाचे औपचारिक प्रशिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरानेच करायचे आहे. यूट्यूबवर पाहून शिकणे पुरेसे नाही, असे त्यात स्पष्ट लिहावे लागले, यावरून बाजाराची कल्पना यावी. प्रत्यक्षात ग्राफ्ट बसवण्याचे बरेच काम सहायक करतात. छिद्रे कोण पाडणार, डॉक्टर किती वेळ खोलीत असणार आणि प्रकृती बिघडली तर कोणत्या रुग्णालयात नेणार, हे आधी विचारणे रुग्णाचा हक्क आहे. इस्तंबूल हे या व्यवसायाचे जागतिक केंद्र झाले आहे आणि डॉक्टरांऐवजी सहायकच काम करतात ही तक्रार तिथेही आहे.

भारतात आरोग्यसेवांना असलेल्या वस्तू व सेवा करमाफीतून केशरोपण नावानिशी वगळले आहे. जन्मजात व्यंग किंवा इजा यांमुळे करावे लागले तरच ती माफी मिळते. आरोग्य विमाही सौंदर्यासाठी केलेल्या रोपणाला सहसा लागू होत नाही.

पक्के झालेले केस नेहमीसारखे कापता येतात, रंगवता येतात, मुंडण केले तरी परत उगवतात. पांढरे मात्र ते मागच्या केसांसोबत होतात.