शिकाऊ उमेदवारी (पुणे परिसर)

शिकाऊ उमेदवारी म्हणजे कारखान्यात किंवा आस्थापनेत ठरावीक मुदतीच्या नोंदणीकृत कराराने, विद्यावेतन घेऊन व्यवसाय शिकण्याची पद्धत. रोजच्या बोलण्यात 'अप्रेंटिसशिप'. तिचा कायदेशीर आधार शिकाऊ उमेदवार अधिनियम, 1961. खडकीचा दारूगोळा कारखाना, पिंपरी-आकुर्डीचा वाहनउद्योग आणि भोसरी-चाकणचे सुट्या भागांचे कारखाने यांमुळे पुणे परिसरात फिटर, टर्नर, मशिनिस्ट, वेल्डर, इलेक्ट्रिशियन यांना कायम मागणी असते.

दहावीनंतरची रुळलेली वाट आयटीआयची. औंधची शासकीय संस्था आणि पिंपरी-चिंचवड महापालिकेची मोरवाडीतील संस्था या त्यांतल्या परिचित. शासकीय प्रवेश राज्याच्या केंद्रीय ऑनलाइन फेऱ्यांतून होतात. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन हे अभ्यासक्रम दोन वर्षांचे, वेल्डर एका वर्षाचा. आयटीआय न करता थेट उमेदवारीतही शिरता येते. मात्र तेव्हा मूलभूत प्रशिक्षण आधी पुरे करावे लागते.

फिटरची सुरुवात कानस आणि हॅक्सॉने होते, आणि बहुतेकांचा पहिला जॉब (घडवायला दिलेला धातूचा तुकडा) इथेच बिघडतो. पृष्ठभाग सपाट होण्याऐवजी मध्ये फुगतो, कडा खाली जातात. कारण हाताच्या दाबात असते. कानस पुढे ढकलायला लागताना टोकाकडच्या हाताचा दाब जास्त, मधोमध दोन्ही हातांचा सारखा, शेवटी मुठीकडच्या हाताचा जास्त, असा तो सरकता ठेवावा लागतो. तो कायम राहिला की कानस डुलते. व्हाइसचे (तुकडा घट्ट पकडणाऱ्या साधनाचे) जबडे कोपराच्या उंचीला नसतील तर हेच होते. ट्रायस्क्वेअर (काटकोन तपासायचा गुण्या) लावून तुकडा उजेडाकडे धरला की फट दिसते. कडेची बर (कापताना उरलेली धातूची बारीक कंगोर) न काढता व्हर्नियर हे मोजमापाचे साधन लावले तर माप जास्त येते. मेल-फीमेल फिटिंगमध्ये (एक तुकडा दुसऱ्याच्या खाचेत बसवण्याच्या कामात) 0.04 मिमीची अचूकता मागितलेली असताना एवढी बर जॉब नापास करायला पुरते.

तीस किंवा अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनेला, कंत्राटी माणसे धरून, एकूण संख्येच्या 2.5 ते 15 टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. नोंदणी केंद्राच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर होते. उमेदवार खाते उघडतो, जागेसाठी अर्ज करतो, आस्थापना करार तयार करते आणि उमेदवार तो पोर्टलवरच मान्य करतो. पदविका व पदवीधरांसाठी वेगळे पोर्टल असून पश्चिम विभागाचे काम मुंबईच्या शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण मंडळाकडे आहे.

2019 च्या सुधारित नियमांनी किमान मासिक विद्यावेतन आयटीआय उत्तीर्णांना 7,000, पदविकाधारकांना 8,000 आणि पदवीधरांना 9,000 रुपये ठरवले. शिकाऊ उमेदवारीच्या राष्ट्रीय प्रोत्साहन योजनेत (सुरुवात 2016) सरकारचा वाटा 25 टक्के, कमाल 1,500 रुपये. तो आता थेट उमेदवाराच्या खात्यात येतो. म्हणजे 7,000 पैकी 5,500 कंपनीकडून आणि 1,500 सरकारकडून. हे 1,500 अडकण्याचे नेहमीचे कारण कंपनी नसून बँक खाते असते: खाते आधारशी जोडलेले नसणे, किंवा दहावीच्या गुणपत्रिकेवरचे आणि आधारवरचे नाव न जुळणे. नाव आधी दुरुस्त करून मगच पोर्टलवर नोंदणी केलेली बरी.

खरी फसगत वेगळीच असते. गेटवर 'अप्रेंटिस' म्हणून घेतलेला मुलगा प्रत्यक्षात ठेकेदाराच्या हजेरीपटावर असतो आणि वर्षानंतर त्याच्या हातात काहीच प्रमाणपत्र नसते. ओळखायला पगारपत्रक पाहावे. पीएफ (भविष्य निर्वाह निधी) आणि ईएसआयची (कामगार विमा) कपात दिसली तर तो कायद्याने शिकाऊ उमेदवार नव्हे, कामगार. कारण या दोन्ही तरतुदी शिकाऊ उमेदवाराला लागू नाहीत. नगावर पैसे देणे किंवा उत्पादन बोनसच्या योजनेत ओढणे कायद्याला मंजूर नाही. जादा तासही शिकाऊ उमेदवारी सल्लागार या सरकारी अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय लावता येत नाहीत. सुरक्षेच्या तरतुदी आणि अपघाताची भरपाई मात्र कामगाराप्रमाणेच मिळते. राज्य सरकारची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना (2024) ही या कायद्याखालची उमेदवारी नाही. तिचा अनुभव कामाला येतो, पण तिच्यामुळे उमेदवारीअखेरच्या व्यवसाय परीक्षेला बसता येत नाही.

नियुक्त (कायद्याखाली ठरवून दिलेल्या) व्यवसायाच्या मुदतीअखेर अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा होते आणि उत्तीर्णाला राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळते. प्रशिक्षणाची नोंदवही रोजच्या रोज भरून पर्यवेक्षकाची सही घ्यावी; शेवटच्या आठवड्यात एका शाईने भरलेली वही परीक्षकाच्या लगेच लक्षात येते. नोकरी देण्याचे बंधन कंपनीवर नसते, करारात तशी अट असेल तरच ते येते. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्यांना तंत्रनिकेतनात पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. पहिल्या सत्रात त्यांना अडवते ते बहुधा गणित, वर्कशॉप नव्हे.