कॉफी आणि जळजळ: आम्ल वाढणे वेगळे, आम्ल वर येणे वेगळे

कॉफीने पित्त होते, असे आपण सर्रास म्हणतो आणि त्या एका वाक्यात दोन निरनिराळ्या तक्रारी कोंबतो. पहिली तक्रार जठराच्या अस्तराला सूज येण्याची. पोटाच्या वरच्या भागात दुखते किंवा जळते, मळमळते, जेवणाची इच्छा राहत नाही. हे बहुतेकांना ठाऊक असते. त्यामागे पुष्कळदा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जीवाणू किंवा वारंवार घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या असतात, म्हणून एकट्या कॉफीला दोषी ठरवण्यापूर्वी त्यांची चौकशी व्हायला हवी. दुसरी तक्रार आम्ल उलटे अन्ननलिकेत चढण्याची, म्हणजे रिफ्लक्सची आहे, आणि खरा घोळ तिच्याबाबतीत होतो.

जठरात तीव्र आम्ल असणे हा आजार नव्हे. उपाशीपोटी त्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप; अंक जितका लहान तितके आम्ल तीव्र) साधारण १.५ ते ३.५ असतो, आणि जठराच्या आतल्या श्लेष्म्याच्या थरामुळे ते आम्ल तिथे निमूट सोसले जाते. अन्ननलिकेला असे कवच नसते. या दोहोंच्या सीमेवर स्नायूंचे एक कडे आहे. घास गिळताना ते उघडते आणि एरवी आवळलेले असते. जठर तुडुंब भरले किंवा हवेने फुगले, की हे कडे काही गिळलेले नसतानाही काही सेकंद सैल पडते आणि तेवढ्यात आम्ल वर चढते. म्हणूनच ज्याच्या जठरात आम्ल अगदी नेहमीएवढेच आहे, त्याच्याही छातीत आग पडू शकते, कारण बिघाड आम्लाच्या मात्रेत नसून ते पोहोचते त्या जागेत आहे.

हा फरक पुस्तकी वाटत असेल, तर रोज सकाळी पँटोप्राझोल घेणाऱ्यांचा अनुभव पाहावा. ही गोळी आम्लाची निर्मिती घटवते, पण कडे घट्ट करत नाही. त्यामुळे छातीतली आग शमते, तरी वाकल्यावर किंवा आडवे झाल्यावर घशाशी पाणी येणे चालूच राहू शकते. मग माणूस गोळी लागू पडत नाही असे ठरवून स्वतःच तिची मात्रा वाढवतो, जे अजिबात करू नये.

आता कॉफीकडे वळू. तिच्या स्वतःच्या आंबटपणाला जे महत्त्व दिले जाते, ते मला मुळीच पटत नाही. कॉफीचा सामू साधारण ५ असतो. सामूच्या मोजपट्टीवर एका अंकाचा फरक म्हणजे दहापट, या हिशेबाने सामू २ असलेले जठराम्ल कॉफीहून सुमारे हजारपट तीव्र ठरते. कोल्ड ब्रू, म्हणजे थंड पाण्यात बराच वेळ भिजवून केलेली कॉफी, पोटाला सौम्य असते, हा दावाही या कसोटीवर टिकत नाही, कारण २०१८ साली अमेरिकेत झालेल्या मोजणीत तिचा सामू गरम कॉफीच्या जवळपासच आढळला.

कॉफीचा खरा परिणाम दोन वाटांनी होतो आणि त्या वेगळ्या ठेवायला हव्यात. एक म्हणजे ती जठराला आम्ल स्रवायला उद्युक्त करते. हे काम कॅफीन काढलेली कॉफीसुद्धा करते, म्हणून जठराला सूज असलेल्याने केवळ डीकॅफवर भिस्त ठेवू नये. दुसरी वाट स्नायूंच्या कड्याची. कॅफीन ते सैल करू शकते, मात्र प्रत्यक्ष कॉफीवरील अभ्यासांचे निष्कर्ष परस्परांशी जुळत नाहीत. १९९७ साली जर्मनीतील एका लहान अभ्यासात रिफ्लक्सच्या रुग्णांमध्ये कॅफीन काढलेल्या कॉफीने आम्ल वर चढण्याचे प्रमाण कमी आढळले, तर अनेक अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर कॉफी आणि रिफ्लक्स यांचा ठाम संबंध दिसला नाही. याचा अर्थ एवढाच की कॉफी काहींना बाधते आणि काहींना नाही, आणि सरसकट बंदी घालण्याला आधार नाही.

रिफ्लक्स असलेल्याने कॉफी कोणत्या जातीची घ्यावी यापेक्षा ती कधी आणि किती घ्यावी याचा विचार आधी करावा, असे माझे ठाम मत आहे. पंगतीतल्या भरपेट जेवणावर साईच्या दुधाची मोठा पेलाभर कॉफी पिऊन लगेच पाठ टेकणे, ही सर्वांत वाईट वेळ होय, कारण तेव्हा जठर आधीच ताणलेले असते आणि स्निग्धांशामुळे ते रिकामे व्हायलाही उशीर लागतो. तीच कॉफी सकाळी हलक्या नाश्त्यानंतर लहान कपातून घेतली, तर पुष्कळांना बाधत नाही. चिकोरीत, म्हणजे एका वनस्पतीच्या भाजलेल्या मुळांच्या पुडीत, कॅफीन नसते, त्यामुळे चिकोरी मिसळलेल्या फिल्टर कॉफीत तेवढ्याच शुद्ध पुडीपेक्षा कॅफीन कमी उतरते, हेही ध्यानात ठेवावे. तरीही शंका राहिली, तर दोन-तीन आठवडे कॉफी पूर्ण थांबवावी, जेवणाच्या वेळा मात्र बदलू नयेत, आणि मग ती पुन्हा सुरू करून फरक पाहावा. दोन्ही गोष्टी एकाच वेळी बदलल्या, तर आराम कशाने पडला हे कळणार नाही. गिळताना अडकत असेल, शौच काळी होत असेल, वजन आपोआप उतरत असेल, तर हे प्रयोग बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे. छातीतील कळ डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जात असेल, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे.