‘एलियन्स’ची ४के डिस्क आणि ग्रेनवरून घडलेलं रामायण

मार्च २०२४ मध्ये दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉनच्या १९८६ च्या ‘एलियन्स’ या सायन्स फिक्शन पिक्चरची ४के डिस्क बाजारात आली आणि रिव्ह्यू वाचून नवखा माणूस चक्रावून जावा अशी गत झाली. निम्म्या लोकांना एवढं लख्ख चित्र आयुष्यात बघायला मिळालं नव्हतं, उरलेल्या निम्म्यांना तेच चेहरे मेणाचे दिसत होते, आणि दोघंही बघत होते एकच डिस्क. आता घेऊ की नको असं विचारणाऱ्याला काय सांगायचं? हा ग्रेनचा, म्हणजे फिल्मवरच्या बारीक दाण्यांचा, वाद या डिस्कपासून सुरू झालेला नाहीये, मागे बरंच काही घडून गेलंय, आणि ते माहीत नसेल तर यातला कुठलाही रिव्ह्यू अर्धामुर्धाच कळतो.

फार मागे जाण्यात अर्थ नाही. व्हीएचएसच्या काळात ग्रेनबद्दल कोणी बोलायचंच नाही, कारण जेमतेम २४० ओळींच्या चित्रात ग्रेन दिसणार कुठून, आणि आपल्याकडे तर भाड्याच्या कॅसेटवर ट्रॅकिंगची रेघ नाचत नसली तरी गंगेत घोडं न्हालं. लेझरडिस्क आली ती मुख्यतः अमेरिकेतल्या आणि जपानमधल्या हौशी लोकांसाठी. १९९१ मध्ये ‘एलियन्स’ची १७ मिनिटं जास्तीची आवृत्ती लेझरडिस्कवर आली, १३७ मिनिटांचा पिक्चर १५४ मिनिटांचा झाला, आणि तेव्हापासून पुढची बरीच वर्षं सायन्स फिक्शनच्या होम व्हिडिओ रिव्ह्यूचा सगळा जीव ‘कुठला कट?’ या एकाच प्रश्नात अडकला होता. ‘ब्लेड रनर’ १९८२ चा, मग १९९२ चा, मग २००७ चा, शेवटी पाच डिस्कचा आख्खा संच. ‘मेट्रोपोलिस’ची हरवलेली रिळं २००८ मध्ये ब्युनोस आयर्समध्ये सापडली आणि २०१० मध्ये जोडली गेली तीही ओरखड्यांसकट, तिथे कोणी तक्रार केली नाही, पण मूकपटांचा प्रेक्षकच वेगळा. चित्र कसं दिसतं हा मुद्दा डीव्हीडीच्या काळात थोडाफार आला, म्हणजे ‘द अ‍ॅबिस’ची २००० सालची डीव्हीडी नॉन-अ‍ॅनामॉर्फिक निघाली (रुंद टीव्हीवर चित्र मधोमध छोटंसं दिसायचं) म्हणून लोकांनी बोटं मोडली वगैरे, पण खरी गंमत ब्लू-रेपासून.

त्याआधी एक तांत्रिक गोष्ट, कारण पुढचा सगळा राडा तिच्यावरच आहे. ‘एलियन्स’ ग्रेनी आहे तो प्रिंट खराब झाली म्हणून नाही, तो शूटच तसा झालाय. अंधारे कॉरिडॉर, धूर, टॉर्चचा उजेड, म्हणजे जास्त स्पीडची, कमी उजेडात चालणारी फिल्म लागणार, आणि त्या काळच्या अशा फास्ट स्टॉकला (फिल्मला) दाणा जाड असायचा. दिग्दर्शकाने स्वतःच नंतर सांगितलंय की तो स्टॉक तेव्हा नवीन होता, काही जमला नाही आणि लवकरच बदलला गेला. त्यात पिक्चर १.८५ मध्ये, म्हणजे उंचीच्या १.८५ पट रुंदीत, साध्या लेन्सवर काढलेला. पहिला ‘एलियन’ अ‍ॅनामॉर्फिक होता, म्हणजे रुंद चित्र आडवं दाबून घेणाऱ्या लेन्सवर काढलेला, त्यात निगेटिव्हचा मोठा भाग वापरला जातो. इथे वरखालचा भाग कापून वापरायचा, म्हणजे छोटा तुकडा मोठ्या पडद्यावर ताणायचा, दाणाही ताणला जाणार. थेटरात हे फारसं खुपलं नाही कारण निगेटिव्हवरून इंटरपॉझिटिव्ह, त्यावरून इंटरनिगेटिव्ह, त्यावरून प्रिंट, असं तीनदा कॉपी होताना बारीक तपशील आपोआपच मऊ व्हायचे. थेट निगेटिव्ह स्कॅन करायला लागले तेव्हा जे कोणी कधी बघितलंच नव्हतं ते दिसायला लागलं.

ब्लू-रे २००६ चा, पण लोकांच्या घरात मोठे एलसीडी पोचले २००८ च्या आसपास, आणि ग्रेनबद्दलची आरडाओरड तेव्हा सुरू झाली ती उलट्या बाजूने: एचडी म्हणता आणि पडद्यावर मुंग्या काय चालतात! ‘प्रेडेटर’ हे त्याचं शाळेच्या पुस्तकात टाकावं असं उदाहरण. २००८ ची ब्लू-रे जुन्या एमपीईजी-२ कोडेकमध्ये (व्हिडिओ कॉम्प्रेस करायच्या पद्धतीत), ग्रेन भरपूर, लोक चिडले. २०१० मध्ये नवी आवृत्ती आली, आगीतून फुफाट्यात. डीएनआर (सॉफ्टवेअरने दाणा पुसायची प्रक्रिया) इतका मारला की जंगलात घामाघूम झालेल्या धिप्पाड गड्यांच्या चेहऱ्यावरची छिद्रं गायब, कपाळ आणि गाल एकसारखे गुळगुळीत, मागची पानं हिरव्या लगद्यासारखी. कुठल्याही क्लोजअपला पॉझ करा, घामाचा थेंब दिसतो पण तो ज्या कातडीवर आहे ती प्लास्टिकची वाटते. आणि तरीही तेव्हा काही रिव्ह्यूंमध्ये त्या डिस्कला चित्रासाठी चांगले मार्क होते, हे आता सोयीस्करपणे विसरलं जातं. २०१८ च्या ४के डिस्कमध्ये ग्रेन परत आला आणि एव्हाना वाऱ्याची दिशा इतकी बदललेली होती की त्याच ग्रेनचं कौतुक झालं.

नेमकं त्याच २०१० मध्ये ‘एलियन्स’ची ब्लू-रे यायची होती. दिग्दर्शकाने आधीच सांगून टाकलं की नॉइज काढलाय, ग्रेन काढलाय, पिक्चर कधी नव्हे इतका छान दिसतोय, आणि ‘प्रेडेटर’ने पोळलेली मंडळी धास्तावून बसली. डिस्क आली तेव्हा मात्र ग्रेन होता, बारीक, नीट, चेहऱ्यांना पोत होता. रंग थोडे हिरवट-निळसर सरकवलेले होते आणि त्यावरून कुरबूर झाली, पण एकंदरीत सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. ही २०१० ची डिस्क लक्षात ठेवा, कारण ती दिग्दर्शकाच्या देखरेखीखाली झाली होती.

मध्ये २०१७. ‘टर्मिनेटर २’ थ्रीडी करून थेटरात आणला, आणि त्याच साफसूफ केलेल्या मास्टरवरून (ज्या मूळ प्रतीवरून डिस्क काढतात तिच्यावरून) वर्षअखेरीस ४के डिस्क काढली. थ्रीडीला ग्रेन नडतो, दोन डोळ्यांना दाणे वेगवेगळ्या खोलीवर तरंगताना दिसू शकतात, तेव्हा थ्रीडीसाठी ग्रेन काढणं समजू शकतं. टूडी डिस्कसाठी तेच मास्टर का वापरलं याला पैसे वाचवण्यापलीकडे कारण दिसत नाही.

आणि आता मुख्य प्रकरण. डिसेंबर २०२३ मध्ये आधी डिजिटल आणि मार्च २०२४ मध्ये डिस्कवर कॅमेरॉनचे तीन पिक्चर एकदम आले: ‘एलियन्स’, ‘द अ‍ॅबिस’ आणि ‘ट्रू लाइज’ (हा सायन्स फिक्शन नाही, पण भांडणात सगळ्यात जास्त मार यानेच खाल्ला). काम झालं न्यूझीलंडमधल्या एका पोस्ट-प्रॉडक्शन कंपनीत, पहिल्या महायुद्धाच्या जुन्या फुटेजवर आणि साठच्या दशकातल्या एका बँडच्या तालमींच्या फुटेजवर जे तंत्र तिथे तयार झालं त्याच घराण्यातलं हे. आता मुद्दा असा की शंभर वर्षांपूर्वीचं थरथरणारं न्यूजरील आणि ३५ एमएमवर उत्तम कॅमेरामनने काढलेला पिक्चर हे दोन वेगळे रोगी आहेत, किंबहुना दुसरा रोगीच नाहीये. जुना डीएनआर शेजारशेजारच्या फ्रेमची सरासरी काढायचा, ग्रेनबरोबर तपशीलही पुसायचा, म्हणजे नुकसान व्हायचं ते वजाबाकीचं. हे नवं, ढीगभर चित्रं दाखवून शिकवलेलं सॉफ्टवेअर बेरीज करतं. इथे केस असावेत असा अंदाज बांधून केस काढतं, आउट ऑफ फोकस चेहऱ्याला कडा देतं, मागे मुद्दाम धूसर ठेवलेला माणूस अचानक पुढच्याइतकाच धारदार होतो. बरोबर आलं तर वा वा, चुकलं तर डोळ्याला काहीतरी खटकतं पण काय ते पटकन सांगता येत नाही. वाईट रिव्ह्यूंमध्ये पुन्हा पुन्हा ‘विचित्र’, ‘मेणाचं’ असे ढोबळ शब्दच येतात ते त्यामुळे.

बचाव करणाऱ्यांचं हुकमी पान म्हणजे दिग्दर्शकाने स्वतः पास केलंय, तुम्ही कोण? तो स्वतः तर एका मुलाखतीत याहून पुढे गेला, ग्रेनचे रिव्ह्यू लिहिणाऱ्यांना आईच्या घराच्या तळघरातून बाहेर पडायचा सल्ला देऊन मोकळा झाला. आता पिक्चर त्याचा, ग्रेन त्याला कधीच आवडला नव्हता, हे सगळं कबूल. पण २०१० ची डिस्कही त्याचीच होती ना? तिच्यात ग्रेन आहे, २०२४ मध्ये जवळपास नाही, रंगही वेगळे. मग पास केलेलं नेमकं कुठलं धरायचं? १९८६ मध्ये त्याने थेटरात सोडलेली प्रिंट धरली तर ती तिसरीच. दिग्दर्शकाची मंजुरी म्हणजे त्या त्या वर्षीची आवड, एवढाच तिचा अर्थ, आणि रिव्ह्यू लिहिणाऱ्याने ती पुरावा म्हणून पुढे करणं हे माझ्या मते कामचुकारपणाचं आहे. बरं, दुसऱ्या बाजूचेही सगळे धुतल्या तांदळासारखे नाहीत, त्यातल्या बऱ्याच जणांनी डिस्क हातात यायच्या आधीच, डिजिटल आवृत्तीचे स्क्रीनशॉट बघून निकाल लावून टाकला होता.

आणि तिन्ही पिक्चर एका मापाने मोजता येत नाहीत, हे फार कमी जणांनी लिहिलं. ‘द अ‍ॅबिस’ या तिघांत बरा निघाला, पाण्याखालचे सीन खरोखर सुंदर दिसतात, आणि लोक दोन दशकांहून जास्त काळ त्या फालतू डीव्हीडीवर अडकले होते म्हणून कौतुकात सुटकेचाही वाटा होता. ‘ट्रू लाइज’ची गत तीच, नवी डिस्क आवडली नाही तर मागे वळून बघायला धड काही नाही. ‘एलियन्स’चं तसं नाही, तिथे चांगली ब्लू-रे आधीपासून होती.

रिव्ह्यूंमधली तफावत येते त्याचं आणखी एक साधं कारण आहे, ते म्हणजे कोण कशावर बघतोय. ५५ इंची टीव्ही, दहा फुटांवर सोफा, त्यात टीव्हीचं स्वतःचं नॉइज रिडक्शन चालूच, अशा ठिकाणी ग्रेन गेला काय राहिला काय, एचडीआरमधला (उजेड-अंधारातला फरक ठळक दाखवणाऱ्या तंत्रातला) टॉर्चचा झोत मात्र मस्त दिसतो आणि अ‍ॅटमॉसमध्ये, म्हणजे वरूनही आवाज येणाऱ्या साउंड सिस्टीममध्ये, छतावरून खरखर ऐकू येते, तो माणूस खूश होणारच. शंभर इंची पडद्यावर प्रोजेक्टर लावून बसणाऱ्याला कानशिलाजवळच्या केसांची तारेसारखी रेघ नजरेआड करता येत नाही. स्ट्रीमिंगची आणखी वेगळी तऱ्हा. ग्रेन प्रत्येक फ्रेमला नवा असतो म्हणून तो कॉम्प्रेस करायला महाग, डेटा जास्त लागतो, डिस्कला १०० एमबीपीएसच्या (सेकंदाला मेगाबिट) वर जाता येतं, ४के स्ट्रीमिंग साधारण १५ ते २५ मध्ये भागवतं. ग्रेन नसलेलं मास्टर स्ट्रीमिंगवाल्यांना सोयीचं पडतं हे उघड आहे, निर्णय त्यासाठी घेतला असं मी म्हणत नाही, पण सोय झाली खरी.

ग्रेन ठेवून ४के होतच नाही असंही नाही. २०१८ मध्ये ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ झाला, २०१९ मध्ये ४० वर्षांच्या निमित्ताने पहिला ‘एलियन’ निगेटिव्हवरून ४के स्कॅन करून आला, दाणा जागच्या जागी, काळा रंग खराखुरा काळा, आणि त्यावर कोणी भांडलं नाही. ही ‘एलियन’ची डिस्क आणि नवी ‘एलियन्स’ची डिस्क लागोपाठ लावून बघितल्या तर २०२४ चा राग कशाचा होता ते कळतं.

घ्यायचीच असेल तर, ४के डिस्कला रीजनची (ठरावीक देशांतल्याच प्लेअरवर चालण्याची) भानगड नसते, कुठूनही मागवा, कस्टम ड्युटी तेवढी धरून चाला. जुनी २०१० ची ब्लू-रे वापरलेली मिळत असेल तर विकणाऱ्याला रीजन विचारून घ्या, अमेरिकेचा ए, आपला सी, आणि नुसतं ‘एलियन्स ब्लू-रे’ असं टाकून ऑर्डर करू नका, मागच्या कव्हरचा फोटो मागवा आणि साल बघा, कारण २०२४ मध्ये त्याच नव्या मास्टरवरून साधी ब्लू-रेही निघालीय.